उघाडीच्या डावीकडे

जुईनगर
११ ऑगस्ट २०२४

प्रिय वैदेही,

'तुम्ही' लिहायचं ठरवून बसले होते. पण लहानपणी तुझ्या वेण्या घातल्यात, हात वळेना.

मी नमिता घरत. न्हाव्याच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव होतं. त्र्याऐंशी साली तुझे बाबा, अभिरामकाका, मिठागरांचे फोटो काढायला यायचे आणि आमच्या ओटीवरच राहायचे. मे महिन्यात एकदा तुलाही आणलं होतं. तू सहा वर्षांची, मी आठांची. काटे काढून दिल्याशिवाय तू मासा खायची नाहीस आणि माझी आई तुला मांडीवर घेऊन एकेक काटा काढून भरवायची. पुतळाकाकी. आठवतेय का?

गेल्या रविवारच्या पेपरात जुने फोटो जपणाऱ्या बाईंची मुलाखत आली होती. खाली नाव वैदेही सोवनी, पुणे. आईला दाखवलं तर म्हणाली, "नाक बापाचा हाय." म्हणून हे पत्र.

पुढच्या दिवाळीला काकांनी माझ्या वडलांना, कमळाकर घरतांना, मिठागराचा एक मोठा फोटो काचेत घालून आणून दिला होता. नंतर जमीन बंदरात गेली, गाव उठलं, आम्ही इकडेतिकडे करत जुईनगरला आलो, वडील वारले, फोटो मात्र प्रत्येक घरात आमच्याबरोबर आला. आता त्याच्यामागच्या भिंतीत शेजाऱ्यांच्या बाथरूमचं पाणी मुरतंय. सोसायटीत अर्ज करून दोन पावसाळे गेले. काचेच्या आत पांढरे बुरशीचे ठिपके दिसायला लागलेत. मिस्टर म्हणाले, काच काढून पुसून टाकू. मी त्यांचा हात धरला. आधी तुला विचारते.

विकायचा नाहीये हं. फक्त वाचवायचाय.

मी शाळेत मराठी शिकवते, ईमेल वगैरे सगळं येतं. पण आईला वाचून दाखवायचं असतं आणि कागद हातात आला की तिला माणूस आल्यासारखं वाटतं. जमलं तर पत्रच लिही.

तुझी
नमिता


पुणे
२० ऑगस्ट २०२४

प्रिय नमू,

पत्र मिळालं. काकींच्या हाताला येणारा भाकरीचा आणि मिठाचा वास आठवला. त्यांना माझा नमस्कार सांग. काटे मी अजूनही नीट काढू शकत नाही.

तू हात धरलास ते फार बरं केलंस. आता मी सांगते तेवढंच कर. फोटो आजच भिंतीवरून उतरव. काच वर राहील असा पलंगावर आडवा ठेव, पंखा चालू ठेव, पण उन्हात नेऊ नकोस आणि केस वाळवायच्या मशीनची गरम हवा तर मुळीच देऊ नकोस. काच पुसायचा फवारा मारू नकोस, तो कडेनं आत झिरपतो. काच काढायची नाही. या कागदावरचं चित्र सरसासारख्या थरात असतं. ओल लागली की तो थर मऊ होऊन काचेला चिकटतो. अशा वेळी काच ओढली की चित्र काचेबरोबर येतं.

मग खोलीत अंधार करून बाजूनं टॉर्च धर. काळ्या भागांच्या कडेला आरशासारखी चमक दिसते का? दिसली तर घाबरू नकोस, ती चांदी आहे. हातानं छापलेल्या जुन्या फोटोतली चांदी हळूहळू वर येते. ते अस्सलपणाचंच लक्षण.

अशा फोटोचं मोल ठरवताना आम्ही पाहतो की छायाचित्रकारानं तो स्वतः छापला का, कधी छापला, मधल्या काळात कुणाच्या घरात होता, आणि कसा राखला. तुमच्याकडची प्रत बाबांनी फोटो काढल्यावर वर्षभरातच छापलेली असणार. त्या चित्राच्या इतक्या जुन्या प्रतीची मला कल्पनाच नव्हती. माझ्याकडे आहेत त्या सगळ्या नंतरच्या.

मोबाइलवर फोटो काढून ईमेल कर. आणि चित्रात काय काय दिसतं ते शब्दांत लिही. तुझ्या पत्रातून बघायला मला आवडेल.

तुझी
वैदेही


जुईनगर
१ सप्टेंबर २०२४

प्रिय वैदेही,

फोटो सध्या आमच्या पलंगावर आहे आणि आम्ही दोघं जमिनीवर. मिस्टर म्हणतात, पाहुणा भारी आहे.

टॉर्च मारून बघितलं. चांदी आहे! आईला दाखवली तर म्हणाली, "बग, तवाच बोल्ले व्हते, खोटा मानूस नाय तो."

मोबाइलवरचे फोटो पाठवलेत, पण काचेत ट्यूबलाइट चमकतेय आणि ठिपक्यांमुळे धड काही दिसत नाही. म्हणून लिहिते.

सगळं चित्र म्हणजे मिठागराचे चौकोन. पाणी भरलेलं, आभाळ खाली उतरल्यासारखं. लांब डोंगराची रेघ. मधून बांध जातो. डावीकडे उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायला नि सोडायला लाकडी फळ्यांची झडप असायची ती. तिचा जाड खांब दिसतो. त्या खांबाच्या डावीकडे, अगदी कडेला, बांधावरून डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेतलेल्या चार बाया चालल्यात. दुसरी माझी आई. मागच्या दोघी शेजारच्या काशीआत्या आणि तिची सून. आणि सगळ्यांत पुढे बाळाबाई.

बाळाबाई म्हणजे आईची सख्खी मोठी बहीण आणि जाऊसुद्धा. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. फोटोनंतर वर्षभरातच ती काविळीनं गेली. तिचा मुलगा गंगाराम तेव्हा तीन-चार वर्षांचा होता, त्याला आईनंच वाढवला. आता तो दिघ्याला राहतो आणि न्हावा शेव्याहून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. बाळाबाईचा दुसरा एकही फोटो जगात नाही. लग्नात काढलाच नव्हता. या फोटोत चौघींपैकी ती एकटीच मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतेय. चेहरा मुगाच्या दाण्याएवढा, पण नाकातली चमकीसुद्धा कळते. गंगाराम आला की चपला काढून आधी फोटोपुढे जातो, मग आमच्याशी बोलतो. मोबाइलमध्ये मोठा करायला गेलं की चेहरा फुटतो, म्हणून तो इथंच येऊन बघतो.

आई सांगते, काकांनी त्या दिवशी भरल्या टोपल्या घेऊन त्यांना बांधावरून पुन्हा पुन्हा चालायला लावलं होतं. खाऱ्या पाण्यानं पाय चरचरत होते. बाळाबाई चिडून म्हणाली, "मास्तर, मीठ आमचा इरघळला आता!" त्यावर काका हसले, ती वळली, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

बुरशी डावीकडेच जास्त आहे. म्हणून टेन्शन.

तुझी
नमू


पुणे
९ सप्टेंबर २०२४

प्रिय नमू,

ईमेल मिळाली. पुन्हा पुन्हा पाहिली.

हे काम पत्रातून सांगून होणारं नाही, मलाच हातात घ्यावं लागेल. कुरिअरनं पाठवू नकोस. २१ तारखेला मी मुंबईला येते आहे, जाताना जुईनगरला उतरून घेऊन जाईन. दोन जाड पुठ्ठे आणि सुती चादर काढून ठेव.

एक विचारायचं होतं. डावी कड मूळचीच तशी आहे ना? म्हणजे मागून कुणी काही जोडलेलं किंवा डागडुजी केलेली नाही? फोटोमागे बाबांच्या अक्षरात काही लिहिलंय का? आणि हा फोटो याआधी बाहेरच्या कुणी, कुणा अभ्यासकानं वगैरे, पाहिला आहे का?

सध्या कुणाला दाखवू नकोस. मोबाइलवरचे फोटोही पुढे पाठवू नकोस. अशा जुन्या प्रतींची बातमी पसरली की नको ती माणसं दारात येतात.

काकींना सांग, जेवूनच जाईन.

वैदेही


जुईनगर
३० सप्टेंबर २०२४

प्रिय वैदेही,

तू गेल्यापासून आई रोज तुझंच काढते. पोर वाळली, पोर एकटी राहते, पोरीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. तुला बोंबलाचा काटा तिनं आपल्या हातानं काढून दिला, बघितलंस? चाळीस वर्षांत तिनं मलासुद्धा काटा काढून दिला नाही.

फोटो चादरीत गुंडाळताना तू बाळाबाईवर बोट ठेवून विचारलंस, "हीच ना?" तेव्हा गंगारामला बोलावून घ्यायला हवं होतं असं वाटलं. त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "डॉक्टरकडे गेलीय ना आई? बरी होऊन येईल."

भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिलाय. मिस्टरांनी तिथं कॅलेंडर लावायला घेतलं, आईनं लावू दिलं नाही.

किती दिवस लागतील? भाऊबीजेला गंगाराम येतो. तोवर झालं तर सोन्याहून पिवळं. घाई नाही पण.

तुझी
नमू


पुणे
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय नमू,

फोटो वाचला आहे, हे आधी सांगते. बुरशी गेली, काचेपासून सोडवला, थर पक्का झाला. आता तो तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल.

पण डावी कड वाचवता आली नाही. ओल तिथून आत गेली होती आणि तेवढा भाग काचेला पुरता धरला होता. सोडवताना तो राहिला नाही. बुरशी पुढे पसरू नये म्हणून तेवढी पट्टी काढून टाकावी लागली. बायांचा भाग त्यातच होता. मला याचं किती वाईट वाटलं ते लिहिता येत नाही. असं कधी कधी होतं.

फोटोभोवती नवीन आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट केली आहे, काचेला आता चित्र टेकणार नाही. बाथरूमच्या भिंतीवर लावू नकोस. खिडकीसमोर नको. वर्षातून एकदा उतरवून मागून कोरड्या ब्रशनं झटक. माझ्या ओळखीचा माणूस मुंबईला येतो आहे, त्याच्या हाती पाठवते.

काकींना तूच समजावून सांग. मला धीर नाही.

वैदेही


जुईनगर
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय वैदेही,

फोटो पोचला. काम सुंदर आहे. पाणी इतकं स्वच्छ दिसतं की बघत राहावं. मी हॉलमध्ये दुसऱ्या भिंतीवर लावला.

आईला सांगितलं होतं, पण तिच्या डोक्यात ते शिरलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बरं दिसतं. ती खुर्ची ओढून बसली आणि फोटोवर डावीकडून बोट फिरवायला लागली. बोट चौकटीला आपटायचं की परत सुरुवात. "मी कुठं हाय गो?" मी म्हटलं, आई, तो भाग ओलीनं गेला. तर म्हणाली, "सगल्याच गेलो?"

परवा भाऊबीजेला गंगाराम आला. त्याला मी फोनवर सांगायचं टाळलं होतं, माझी चूक. चपला काढल्या, नेहमीसारखा फोटोपुढे गेला. आम्ही सगळे बघत होतो. मग वळून आईला म्हणाला, "मावशे, फोटो बदलला काय?" मी त्याला सगळं सांगितलं. तो पाटावर बसला, मी ओवाळलं, त्यानं ताटात ओवाळणी घातली, जेवला.  जाताना म्हणाला, "ताई, मला तिचा चेहरा त्याच्यातूनच माहीत होता. आता महिन्या-दोन महिन्यांत विसरेन."

वैदेही, तुला दोष देत नाही. ओल आमच्या भिंतीतली. पण एक मागणं आहे. ती पट्टी कशीही असली, सडकी, फाटकी, काळी पडलेली, तरी पाठव. आम्ही काचेत घालणार नाही, नुसती ठेवू. त्यात बाळाबाईची सावली राहिली असेल तरी गंगारामला पुरे.

तुझी
नमू


पुणे
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय नमिता,

पट्टी राहिलेली नाही. बुरशी लागलेला कागद कामाच्या खोलीत ठेवता येत नाही, बाकीच्या फोटोंना धोका असतो. तो त्याच दिवशी नष्ट केला.

गंगारामबद्दल वाचून वाईट वाटलं. सध्या कामाची फार गर्दी आहे. पत्राला उशीर झाला तर समजून घे.

वैदेही


जुईनगर
१९ जानेवारी २०२५

वैदेही,

चार वेळा फोन केला. तू उचलला नाहीस, म्हणून लिहिते.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी गेल्या आठवड्यात पेपरातलं कात्रण दाखवलं. मुंबईत अभिराम सोवनींच्या छायाचित्रांचं प्रदर्शन. मला आनंद झाला. तू कळवलं नाहीस याचं आश्चर्य वाटलं, पण म्हटलं गडबडीत असेल. काल एकटीच जाऊन आले. आईला गुडघ्यांमुळे नेता आलं नाही, तिच्यासाठी मोबाइलवर काढून आणीन म्हटलं होतं.

दारातून शिरल्यावर समोरच आमचं मिठागर. भिंतभर मोठं. खाली लिहिलेलं, 'निर्जन. न्हावा, १९८३.'

निर्जन.

मला वाटलं, नाव चुकून लागलंय. मग पुढची पाटी वाचली. सोवनींनी आयुष्यात कधीही काढलेल्या फोटोची चौकट कापली नाही, जे दिसलं ते पूर्ण दाखवलं. आणि त्याखाली आमच्या फोटोचं चित्र, तू केलेल्या पुठ्ठ्यासकट. 'या चित्राची सर्वांत जुनी प्रत अलीकडेच जुईनगर येथील एका कुटुंबाकडे मिळाली. तीही नेमकी हीच चौकट दाखवते. तपासणी : वैदेही सोवनी.'

मी मोठ्या फोटोजवळ गेले. उघाडीच्या खांबाला वरून खाली एक भेग आहे. भिंतीवरचा फोटो त्या भेगेवर संपतो. घरी येऊन आमचा बघितला. तोही त्याच भेगेवर संपतो. वैदेही, बुरशी फूटपट्टी लावून वाढत नाही.

म्हणजे काकांनीच आधी बायांना कापलं, आणि जगाला सांगितलं की कापत नाही. तुला हे आमच्या फोटोवरून कळलं. तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. मी चौघींबद्दल पानभर लिहिलं होतं, तू उत्तरात त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस. विचारलंस काय, तर फोटो आणखी कुणी बघितलाय का. मी समजले, तुला चोरांची काळजी आहे.

तू आमच्या घरी बसून जेवलीस. आईनं काटे काढून दिले. मग बाळाबाईवर बोट ठेवून विचारलंस, "हीच ना?" तेव्हा ठरलं होतं का तुझं?

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती विचारते, पोरीच्या बापाच्या जत्रेत आपला फोटो होता का? मी म्हणाले, होता.

मला खरं काय ते लिही. एवढं तरी दे.

नमिता


पुणे
२८ जानेवारी २०२५

नमिता,

खरं हवंय ना, लिहिते.

तुझी ईमेल उघडेपर्यंत मला काहीही माहीत नव्हतं. बाबांनी मला लहानपणापासून शिकवलं, फोटो कापणं म्हणजे खोटं बोलणं. त्यावर मी वाढले. हे कामही त्यासाठीच धरलं. आणि पडद्यावर त्या चार बाया दिसल्या. त्या रात्री मी बाबांच्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या. या एका चित्राची सापडली नाही. त्यांनी ती स्वतःच नाहीशी केली असणार. फसवणूक माझीही झाली आहे, हे तू विसरतेस.

माझ्या घरात त्यांचं आयुष्यभराचं काम लोखंडी कपाटांत पडून आहे. मी एकटी किती वर्षं सांभाळणार? एक संग्रहालय ते सगळं घ्यायला तयार झालं आहे, थंड खोलीत, कायमचं. ते तयार झाले बाबांच्या या एका ख्यातीवर आणि या एका चित्रावर. चित्र खोटं ठरलं असतं तर बाकी सगळंही माझ्याबरोबर कुजलं असतं. एका बाजूला आयुष्यभराचं काम, दुसऱ्या बाजूला चार बोटांची पट्टी. मी काय करायला हवं होतं?

पट्टी नष्ट केलेली नाही. मला ते जमलं नाही. बुरशी काढून, साफ करून ठेवली आहे. चेहरा शाबूत आहे.

संग्रहालयाचे कागद उन्हाळ्यापर्यंत पूर्ण होतील. तोवर तू कुठे बोलली नाहीस तर त्यानंतर पट्टी मी स्वतः आणून देईन. तुझ्याकडे मोबाइलवरचे फोटो आहेत, मला माहीत आहे. त्यावरून कुणाला काही ठरवता येणार नाही, पण माझं नाव मात्र खराब होईल. थोडे महिने थांब. इतकी वर्षं थांबलात.

काकींना यात आणू नकोस.

वैदेही


जुईनगर
२ मार्च २०२५

वैदेही सोवनी यांस,

तुमचं पत्र महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरले. आईला वाचून दाखवायचं की नाही, ते ठरत नव्हतं. तुमची सगळी पत्रं तिनं ऐकलीत, याचीही ती वाट बघत होती. शेवटी एका दुपारी वाचलं. अक्षर न अक्षर.

 संपल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे बाळाबाय तिच्या कपाटान हाय?"

मी म्हटलं, हो.

"मंग गंग्याला सांग. आई त्याची, तो आनील."

तुमची अट मी तिला दोनदा समजावली. तिला कळलीच नाही. "आपला मानूस द्याला आट कसली?" एवढंच म्हणत राहिली. मग जरा वेळानं म्हणाली, "मास्तरनी आमाला एवढा चालवला कशाला मंग? आमी नको व्हतो तर आधीच बोलाचा, बाजूला व्हा. झालो असतो."

  तुम्हाला काकांनी फसवलं, ते दुःख मी खोटं म्हणत नाही. पण ते तुम्ही जसंच्या तसं उचलून आमच्या घरात आणून ठेवलंत. काकांनी बाया कापल्या तेव्हा निदान आम्हाला अख्खा फोटो दिला होता. तुम्ही तोही ठेवला नाहीत.

गंगारामला चाकणला माल उतरवायचा होता. तिथून तो तुमच्याकडे आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी त्यानं मला कसं सांगितलं ते लिहिते. बेल वाजवली. तुम्ही दार उघडलंत. तो म्हणाला, "मी बाळाबाईचा गंगाराम." तुम्ही त्याच्याकडे बघितलंत आणि दार लावलंत. त्याला वाटलं, संपलं. पण तो परत गेला नाही, जिन्यात बसला. वरखाली जाणारी माणसं त्याला विचारत होती, कोण पाहिजे? तो सांगत होता, थांबलोय. बऱ्याच वेळानं दार उघडलं. तुम्ही दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली पट्टी त्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "सरळ धरा. वाकवू नका." आणि दार पुन्हा लागलं.

तो ट्रेलर घाट उतरताना इतका हळू चालवत होता की मागचे शिव्या घालत होते. पट्टी सीटमागच्या झोपायच्या फळीवर, चादरीत.

पट्टी आता दिघ्याला त्याच्या घरी आहे. अरुंद, उभा फोटो, बांध आणि चार बाया. उजव्या कडेला उघाडीचा अर्धा खांब. बघणाऱ्याला कळत नाही त्या कुठे चालल्यात. गंगारामच्या मुलीनं पहिल्यांदाच आजी नीट बघितली. म्हणाली, पप्पा, ही तर रागावलेली आहे. तो हसला. तुमचं काम चोख आहे, चमकीसुद्धा दिसते. म्हणून जास्त त्रास होतो.

मोठा तुकडा मी भिंतीवरून काढला. कपाटात आडवा ठेवलाय, कोरड्या जागी, तुम्ही शिकवल्याप्रमाणे.

संग्रहालयाला मी पत्र लिहिलं आहे. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडला आहे. सोवनींचं सगळं काम सांभाळा, पण 'निर्जन'ची पाटी बदला आणि चौघींची नावं लिहा, एवढंच मागितलंय. उत्तर आलेलं नाही. येईल न येईल. तुमच्यापाठीमागून केलं असं होऊ नये म्हणून कळवते. तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही, पाठवलंत तरी ते आता आईला वाचून दाखवणार नाही.

गंगाराम पट्टी घेऊन आला त्या दिवशी तो हॉलमध्ये सगळ्यांना दाखवत होता. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच विचारलं, "पोरीनं त्याला घरान घेतला ना? लांबून गेलेला. पानी तरी इचारला?"

"हो," मी म्हणाले. "चहासुद्धा दिला."

नमिता घरत